एका नौकेची अनेक इंजिने

लाकडी मासेमारी नौकेचा सांगाडा आणि फळ्या नीट निगा राखली तर दोन-तीन दशके टिकतात. तिच्या पोटात बसवलेले डिझेल इंजिन मात्र खारे पाणी, दमट हवा आणि अहोरात्रीची राबणूक यांमुळे त्याच्या कितीतरी आधी थकते. आयुर्मानातील या तफावतीमुळे कोकण किनाऱ्यावरील बहुतेक यांत्रिक नौकांनी आपल्या हयातीत एकापेक्षा अधिक इंजिने पाहिली, आणि ती बदलण्याचे काम पुष्कळदा गोदीत न होता कोळीवाड्यासमोरच्या पुळणीवर, मालकाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, गावचा सुतार आणि इंजिनाचा मिस्त्री यांच्या हातून होत आले. यांत्रिकीकरणाचा इतिहास लिहिताना नौकांची संख्या, कर्जाच्या रकमा आणि मासळीचे टन मोजले जातात, पण पुळणीवरचे हे काम त्या हिशेबात क्वचितच येते. वास्तविक जुन्या नौकेत नवे यंत्र बसवण्याचे आणि ते थकले की उतरवून दुसरे चढवण्याचे कसब गावातच असल्यामुळे इंजिन या किनाऱ्यावर रुजले, आणि म्हणून त्या कसबाला या इतिहासात मध्यवर्ती स्थान द्यावे लागते.

येथे ज्या इंजिनाचा विचार करावयाचा आहे ते इनबोर्ड, म्हणजे नौकेच्या आत तळाशी पक्के बसवलेले इंजिन होय. त्याची फिरती शक्ती गिअरमधून एका लांब दांड्याला मिळते. हा दांडा, म्हणजे शाफ्ट, नौकेच्या पिछाडीतून पाण्यात उतरतो आणि त्याच्या टोकाला पितळेचा किंवा काशाचा पंखा असतो. नौकेच्या कडेला अडकवायचे आणि काम झाल्यावर उचलून घरी न्यायचे सुटे इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, ही निराळी गोष्ट आहे. आउटबोर्डसाठी नौकेत फारसा बदल करावा लागत नाही, तर इनबोर्ड इंजिन बसवायचे म्हणजे नौकेच्या पाण्याखालील अंगाला भोक पाडावे लागते, आणि लाकडी नौकेच्या मालकाला यापेक्षा मोठा निर्णय सहसा घ्यावा लागत नाही.

हा निर्णय जगातील अनेक किनाऱ्यांवरील मच्छीमारांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घेतला, आणि तो बहुधा जुन्या नौकेबाबतच घेतला. आइसलँडमधील ईसाफ्योर्दुर येथे 1902च्या नोव्हेंबरात ‘स्टॅनली’ नावाच्या वल्ह्यांच्या होडीत डेन्मार्कमधील म्योलेरुप कारखान्याचे 2 अश्वशक्तीचे इंजिन बसवण्यात आले, आणि त्या देशातील यांत्रिक मासेमारीची सुरुवात तेथून मानली जाते. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे वॉल्टर बर्गियस यांनी मोटारगाडीसाठी बनवलेले केल्विन इंजिन गाड्यांच्या धंद्यात चालले नाही, पण तेच नौकेत घातल्यावर उपयोगी ठरले, आणि 1907 साली कॅम्पबेलटाउन येथील रॉबर्ट रॉबर्टसन या मच्छीमाराने ते आपल्या शिडाच्या नौकेत बसवून घेतले. याच काळात तप्तगोल इंजिन उत्तर युरोपच्या किनाऱ्यांवर पसरत होते. या इंजिनात सिलिंडरच्या माथ्यावर लोखंडाचा एक पोकळ गोळा असे; तो आधी फुंकदिव्याने तापवावा लागे, आणि एकदा इंजिन चालू झाले की जळत्या तेलाच्याच उष्णतेने तो तापलेला राही. इंग्लंडमधील हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट यांनी 1890 साली या कल्पनेचे पेटंट घेतले आणि ग्रँथम येथील हॉर्न्सबी कारखान्याने ती इंजिने बाजारात आणली. वजनाने भारी, गतीने संथ, पण हलक्या प्रतीच्या तेलावरही चालणारे आणि जवळजवळ कोणालाही दुरुस्त करता येणारे हे यंत्र होते. हॉर्न्सबीचे नाव पुढे महाराष्ट्राच्या संदर्भातही येते.

कोकणात इंजिन येण्यापूर्वी नौका शिडावर आणि वल्ह्यांवर चालत होत्या, परंतु त्या मागासलेल्या होत्या असे समजणे चूक ठरेल. सातपाटी, वसई, वर्सोवा, करंजा, रत्नागिरी अशा ठिकाणी बांधल्या जाणाऱ्या मचव्यांच्या, म्हणजे शिडाच्या मासेमारी नौकांच्या, घडणीत स्थानिक भेद होते. सातपाटीचा मचवा रुंद अंगाचा आणि सरळ पठाणाचा असे, तर रत्नागिरीकडचा तुलनेने अरुंद आणि टोकदार नाळेचा असे. पठाण म्हणजे नौकेच्या तळाशी नाळेपासून पिछाडीपर्यंत गेलेले मुख्य लाकूड, जणू तिचा कणा. आणि नाळ म्हणजे पुढचे, पाणी कापणारे अंग. शीड तिकोनी असे आणि डोलकाठीवर तिरप्या टांगलेल्या परबाणाला, म्हणजे लांब आडव्या काठीला, ते बांधलेले असे. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे नौकेला बाहेर नेत आणि दुपारनंतरचे खारे वारे तिला परत आणत. आठ महिन्यांच्या मोसमाचे सारे वेळापत्रक या दोन वाऱ्यांवर बेतलेले होते, आणि वारा पडला की मात्र वल्ह्यांशिवाय गत्यंतर नसे.

मुंबईच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर वाऱ्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व भरती-ओहोटीला होते. मुंबईजवळ उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांत 4 ते 5 मीटरांचा फरक पडतो. मालवणकडे तो त्याच्या निम्म्यावर येतो. उत्तरेकडील या जोरकस प्रवाहावर डोल जाळ्याची मासेमारी उभी आहे. डोल म्हणजे तोंडाशी रुंद आणि शेपटीशी निमुळते होत गेलेले, पिशवीसारखे लांबलचक जाळे. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना ते बांधून ठेवले की प्रवाहच बोंबील, जवळा, कोळंबी त्यात आणून टाकतो. मात्र प्रवाह उलटण्यापूर्वीच्या थोड्या स्तब्ध वेळात जाळे उचलावे लागते, आणि तो वेळ साधारण सहा तासांनी येतो. खुंटांपाशी वेळेवर न पोहोचलेल्या नौकेची एक पाळी वाया जाते, शिवाय पाण्याने भरलेल्या अंगाचा बोंबील उन्हात फार लवकर खराब होतो. वारा पडल्यामुळे बुडालेली पाळी आणि वाटेत नासलेली मासळी, या दोन तोट्यांची झळ डोल मारणाऱ्या नाखव्याला प्रत्येक भांगात, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, आणि उधाणात बसत असे, आणि इंजिनाविषयीची त्याची उत्सुकता तेथून समजून घ्यावी लागते. नाखवा म्हणजे नौकेचा मालक, आणि समुद्रावर तिचा कारभार पाहणारा तो तांडेल. पुष्कळदा दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे असत.

सरकारची पहिली पावले मात्र निराळ्या दिशेने पडली. मुंबई सरकारने 1921-22 या काळात ‘विल्यम कॅरिक’ हे वाफेवर चालणारे ट्रॉलर जहाज मुंबईबाहेरच्या समुद्रात चालवून पाहिले. ट्रॉल म्हणजे तळाशी ओढत न्यायचे जाळे. मासळी सापडली, पण जहाजाचा खर्च निघेना आणि प्रयोग आवरता घ्यावा लागला. मोठे जहाज, परदेशी पद्धतीचे जाळे आणि किनाऱ्यावरील कोळ्यांचा व्यवसाय यांच्यात कोणताही सांधा त्या प्रयोगात नव्हता. 1933 साली एच. टी. सॉर्ली या सनदी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्याच्या सागरी मत्स्यव्यवसायावर सविस्तर अहवाल लिहिला. कोळी समाजाच्या नौका, जाळी, बाजार आणि कर्जे यांचे इतके बारकाईचे वर्णन त्यापूर्वी एकत्र झालेले नव्हते. पुढे 1946 साली केंद्र सरकारने मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे प्रायोगिक केंद्र उघडले, आणि आजच्या भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण संस्थेचा उगम तेथे आहे. या केंद्राच्या जहाजांनी समुद्रतळाची आणि मासळीच्या साठ्यांची मोलाची माहिती गोळा केली. असे असले तरी कोळीवाड्यात इंजिन शिरले ते या जहाजांच्या वाटेने नव्हे.

ते शिरले प्रथम वाहतुकीच्या वाटेने. दूरच्या मासेमारीच्या ठिकाणाहून ताजी मासळी 1875 साली बांधलेल्या ससून डॉकसारख्या धक्क्यापर्यंत त्वरेने आणणाऱ्या यांत्रिक लाँचेसची उपयुक्तता डोळ्यांना दिसणारी होती: शिडाच्या नौकेची मासळी खारवून किंवा सुकवून विकावी लागे, तेव्हा लाँचने आलेली मासळी बर्फात राहून ताजी विकली जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर आणि विशेषतः 1951 साली सुरू झालेल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेनंतर तत्कालीन मुंबई राज्याने मच्छीमारांना इंजिनासाठी कर्ज आणि अनुदान देण्यास आरंभ केला, आणि मासेमारी करणाऱ्या मचव्यातच इंजिन बसू लागले. सरळ पठाण, पुरेशी खोली आणि भक्कम वाक, म्हणजे नौकेच्या बरगड्या, या तिन्ही गोष्टी सातपाटी-वसई पद्धतीच्या मचव्यात आधीपासून होत्या, त्यामुळे इंजिनाचे वजन आणि थरथर सोसण्यासाठी नौका नव्याने रेखाटण्याची गरज पडली नाही.

या मुद्द्याचे महत्त्व केरळशी तुलना केल्यावर ध्यानात येते. 1952 साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात झालेल्या करारानुसार कोल्लमजवळील नींदकरा येथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. तेथील मच्छीमारांच्या नौका मुख्यतः कोरून पोकळ केलेल्या लाकडाच्या किंवा दोऱ्यांनी शिवलेल्या फळ्यांच्या होत्या आणि भरतीच्या लाटा फोडून वाळूवर चढण्यासाठी त्या उत्तम असल्या, तरी इनबोर्ड इंजिनाच्या थरथरीत त्यांचे सांधे टिकणारे नव्हते. साहजिकच प्रकल्पाला 22 ते 25 फुटांच्या नव्या घडणीच्या नौका बांधाव्या लागल्या, आणि नव्या नौका ज्यांच्या हाती पडल्या त्यांच्यात व जुन्या नौकांवर राहिलेल्यांत अंतर पडत गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने त्या दशकात भारतात पाठवलेले पॉल झीनर, पीटर गर्टनर यांसारखे नौकारचनाकारही पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवर मुख्यतः नव्या आराखड्यांच्या कामात गुंतले. महाराष्ट्र आणि सौराष्ट्रात मात्र बदल जुन्या नौकेच्या आतून झाला. यामुळे येथे विषमता आली नाही असे नव्हे. परंतु नौका कशी असावी हे ठरवण्याचा अधिकार बऱ्याच अंशी सुताराकडे आणि नाखव्याकडे राहिला, आणि ही लहान गोष्ट नव्हती.

शिडाच्या मचव्यात इंजिन बसवण्याची क्रिया पाहिली म्हणजे त्या सुतारापुढचे आव्हान कळते. आधी इंजिनासाठी पाया तयार करावा लागे: पठाणाच्या दोन्ही बाजूंना, त्याला समांतर, सागाच्या किंवा तशाच टणक लाकडाच्या दोन जाड तुळया वाकांवर खाचा पाडून बसवल्या जात आणि लांब बोल्टांनी आरपार आवळल्या जात. तुळया जितक्या लांब तितकी थरथर अधिक वाकांवर वाटली जाते, म्हणून अनुभवी सुतार त्या इंजिनापेक्षा बऱ्याच पुढे-मागे नेत असे. त्यानंतर सूत धरले जाई. इंजिनाच्या गिअरचा मध्य जेथे येणार त्या बिंदूपासून पिछाडीच्या खांबातील शाफ्टच्या नियोजित भोकापर्यंत ताणलेली एक बारीक दोरी सारे काम ठरवी. तिचा उतार जास्त झाला तर पंखा पाणी मागे ढकलण्याऐवजी खाली ढकलतो, आणि फार कमी झाला तर इंजिनाच्या तळाला पठाण अडते. सूत नक्की झाले की पिछाडीच्या खांबातून आधी गिरमिटाने बारीक भोक पाडले जाई आणि ते सरळ उतरल्याची खात्री पटल्यावर मोठे केले जाई. हे लाकूड हातभर किंवा त्याहूनही जाड असे आणि भोक अर्ध्या बोटाने जरी वाकले तरी दुरुस्तीला वाव राहत नसे, म्हणून या एका टप्प्याला सगळ्यात अधिक वेळ दिला जाई. त्या भोकात धातूची नळी बसे, नळीत शाफ्ट, आणि नळीच्या आतल्या तोंडाशी चरबी लावलेल्या सुती दोरीचे वेढे आवळून पाणी रोखले जाई. हे वेढे पूर्ण कोरडे ठेवायचे नसतात. शाफ्ट फिरत असताना तेथून थेंब-थेंब पाणी येत राहिले तरच तो थंड राहतो, हे शिडाच्या नौकेत आयुष्य काढलेल्या माणसाला पटणे कठीण गेले असेल. शेवटी पंख्याला फिरण्यासाठी पिछाडीच्या खांबात आणि सुकाणूत खिडकीसारखी जागा कापली जाई. डोलकाठी बहुधा तशीच ठेवली जाई, कारण पहिल्या काळात इंजिनावर पुरता भरवसा नव्हता आणि डिझेल वाचवण्यासाठी अनुकूल वाऱ्यात शीड उभारणे शहाणपणाचे होते.

इंजिनांचा पुरवठा आरंभी परदेशातून होई, परंतु लवकरच तो मोठ्या प्रमाणात सह्याद्रीच्या पलीकडून होऊ लागला. डिझेल इंजिने बनवण्याची परंपरा महाराष्ट्रात 1930च्या दशकात सातारा भागातील कूपर कारखान्यापासून सुरू झाली होती. 1946 साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स स्थापन झाली, आणि चिंचवड येथे रस्टन अँड हॉर्न्सबीची भारतीय शाखा इंजिने बनवू लागली. तप्तगोल इंजिन बाजारात आणणारा ग्रँथमचा कारखाना 1918 साली लिंकन येथील रस्टन कारखान्यात विलीन झाला होता, त्या संयुक्त नावाचाच हा भारतीय अवतार होता. हे कारखाने मुख्यतः शेतकऱ्याच्या विहिरीवरील पंपासाठी इंजिने बनवत. या योगायोगाचे परिणाम दूरगामी झाले, कारण शेतीच्या इंजिनासाठी देशभर सुटे भाग, विक्रेते आणि दुरुस्ती करणारे मिस्त्री तयार झाले आणि त्यांचा लाभ किनाऱ्यालाही मिळाला. विहिरीवरील इंजिनाचा पिस्टन उतरवता येणाऱ्याला नौकेवरील इंजिन परके नव्हते. पुढे मालमोटारींची इंजिने समुद्रासाठी बदलून वापरली जाऊ लागली तेव्हाही हेच घडले, कारण महामार्गावरच्या गॅरेजमध्ये तयार झालेला कारागीर बंदरात उतरला.

खर्चाचा भार सहकारी संस्थांनी उचलला. सातपाटीसारख्या गावांतील मच्छीमार संस्था सभासदांना इंजिनासाठी कर्ज मिळवून देत, मासळीच्या विक्रीतून हप्ते कापून घेत, आणि डिझेल, बर्फ, जाळ्याचे सूत यांचा पुरवठा करत. 1963 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सहकार विकास निगमाने पुढे मत्स्यव्यवसायालाही अर्थसाहाय्य दिले आणि त्यातून अनेक नौका बांधल्या गेल्या. डिझेलवरील विक्रीकराची रक्कम परत देण्याची राज्य सरकारची योजना नौकेच्या रोजच्या हिशेबाचा भाग बनली. नौकेवरील माणसांची रचनाही बदलली. इंजिनाची देखभाल करणारा ड्रायव्हर हा तांडेलाच्या खालोखाल मानाचा माणूस झाला, आणि मासळीच्या उत्पन्नाच्या वाटपात पूर्वी नौका, जाळी आणि माणसे यांचा विचार होई, तेथे आता डिझेल आणि इंजिनाची झीज आधी वजा होऊ लागली. 1960च्या दशकानंतर गोठवलेल्या कोळंबीच्या निर्यातीने ट्रॉलर नौका वाढल्या आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यावरून डोल मारणारे व ट्रॉल ओढणारे यांच्यात संघर्ष पेटला. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 हा त्या संघर्षाचा कायदेशीर परिपाक होय. हा इतिहास स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. येथे इतकेच लक्षात घ्यायचे की या स्पर्धेने इंजिन बदलण्याचे एक नवे कारण निर्माण केले.

जुने कारण झीज हे होते. समुद्राचेच पाणी आत खेचून इंजिन थंड करण्याच्या पद्धतीत क्षार साचून पाण्याच्या वाटा बुजतात, लोखंड गंजते आणि एके दिवशी सिलिंडरच्या माथ्याला तडा जातो. नौकेच्या तळाबाहेरून नळ्या फिरवून त्यांतून गोडे पाणी खेळवण्याच्या पद्धतीने इंजिनाचे आयुष्य वाढवले, पण अमर्याद नव्हे. इंजिन बदलण्यासाठी पावसाळ्याचाच काळ सोयीचा असतो. पश्चिम किनाऱ्यावर सध्या 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्याआधीही ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत नौका किनाऱ्यावर घेण्याची रीत होतीच. उधाणाच्या मोठ्या भरतीचा फायदा घेऊन नौका जितकी वर आणता येईल तितकी आणायची, दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे, आणि झापांनी किंवा अलीकडे प्लॅस्टिकच्या ताडपत्रीने ती शाकारायची. इंजिन बदलायचे असेल तर शाकारण्यापूर्वी डेकच्या फळ्या तेवढ्या भागात उचकटून ठेवतात. मग तीन मजबूत वाशांची तिकटी नौकेवर उभी राहते, तिच्या माथ्याला चेनकप्पी टांगतात, आणि इंधनाच्या व पाण्याच्या नळ्या, धुराडे, शाफ्टचे जोडबोल्ट सोडवलेले जुने इंजिन कडी-कडीने वर येते. शेकडो किलोंचे हे धूड काठावरून बाहेर नेताना पुढाकार बहुधा अनुभवी ड्रायव्हरचा असतो आणि हात शेजारपाजारच्या नौकांवरील खलाशांचे असतात, कारण बंदीच्या दिवसांत सगळेच किनाऱ्यावर असतात आणि आज केलेल्या मदतीची परतफेड पुढच्या पावसाळ्यात होते. यारीची व्यवस्था असलेल्या बंदरांत काम सोपे झाले, पण लहान गावांत तिकटीच चालते.

नवे इंजिन जुन्या पायावर नेमके कधीच बसत नाही. त्याच्या पायांतील अंतर, गिअरच्या मध्याची उंची आणि वजनाचा तोल निराळा असतो, म्हणून तुळया तासाव्या किंवा वाढवाव्या लागतात. जुन्या बोल्टांची भोके लाकडी खुंट्या ठोकून बुजवतात आणि नवी पाडतात. यानंतर सर्वांत नाजूक काम उरते ते शाफ्टची आणि गिअरची जोड साधण्याचे. दोघांच्या टोकांना असलेल्या गोल चकत्या एकमेकींजवळ आणून त्यांच्यामधील फट वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे पातळ पात्यांच्या मापाने, म्हणजे फीलर गेजने, मोजतात. चकतीचा व्यास 10 सेंटिमीटर असेल तर या चार फटींत एक दशांश मिलिमीटरपेक्षा अधिक फरक राहू नये, असा सर्वमान्य दंडक आहे. तो साधेपर्यंत इंजिनाच्या पायांखाली पत्र्याचे पातळ तुकडे सरकवले आणि काढले जातात. लाकडी नौकेच्या बाबतीत हे मोजमाप किनाऱ्यावर कितीही बिनचूक केले तरी ते अंतिम नसते, कारण टेकूंवर उभी असलेली नौका आणि पाण्यात तरंगणारी नौका यांचा आकार किंचित निराळा असतो, शिवाय कोरड्या पडलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगतात. म्हणून जाणता मिस्त्री जोडबोल्ट सैल ठेवूनच नौका पाण्यात उतरवायला सांगतो आणि ती एक-दोन दिवस तरंगल्यावर पुन्हा मोजमाप करून मगच ते आवळतो. घाईने ही पायरी गाळली तर मोसमाच्या मध्यावर शाफ्टची नळी झिजते, पाणी आत येऊ लागते, आणि दोष इंजिनाला दिला जातो.

जुन्या नौकेत अधिक ताकदीचे इंजिन घालण्याचा मोह मात्र या कौशल्यानेही आवरला नाही. पाण्यात बसून चालणाऱ्या जड नौकेचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. तरत्या लांबीचे फुटांतील वर्गमूळ 1.34 ने गुणले की तिच्या सोयीच्या वेगाची मर्यादा नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, मिळते. या नियमामागील लाटांचे शास्त्र इंग्लंडमधील विल्यम फ्रूड यांनी 1870च्या दशकात प्रतिकृतींवरील प्रयोगांतून मांडले. या हिशेबाने 36 फूट तरती लांबी असलेल्या नौकेची मर्यादा 8 नॉट ठरते. तेथे पोहोचल्यावर अश्वशक्ती दुप्पट केली तरी वेगात किरकोळ भर पडते आणि डिझेल मात्र भरपूर जळते. ट्रॉल ओढायला जादा ताकद लागते हे खरे, पण डोल मारणाऱ्या किंवा जाळी सोडणाऱ्या नौकेला तिचा उपयोग मर्यादितच असतो. पंख्याचीही अडचण असते. पहिल्या सुताराने पिछाडीत जेवढी खिडकी कापली तेवढ्याच व्यासाचा पंखा तेथे फिरू शकतो, तर मोठ्या शक्तीचा कार्यक्षम वापर व्हायला मोठा आणि संथ फिरणारा पंखा लागतो; जलद फिरणाऱ्या नव्या इंजिनाला लहान पंखा जोडला की शक्तीचा मोठा भाग पाणी घुसळण्यात जातो. खोल समुद्राच्या ओढीने आणि शेजारच्या नौकेशी स्पर्धेने घेतलेल्या अशा इंजिनांनी अनेक कुटुंबांचे हप्ते वाढवले. मासळी वाढली ती काही वर्षांपुरती. नंतर साठेच आटत गेले आणि त्याच मासळीसाठी अधिक दूर जावे लागू लागले, तेव्हा हा डिझेलचा खर्च अधिकच जड झाला.

लाकूड महागले आणि जाणते सुतार कमी झाले तसतसे काचतंतूंच्या, म्हणजे फायबरच्या, नौकांनी किनाऱ्यावर जागा घेतली, आणि त्यांनी इंजिन बदलण्याच्या या पद्धतीलाच नवे वळण दिले. फायबरच्या नौकेत इंजिनाचा पाया साच्यातच घडवलेला किंवा नंतर फायबरने मढवलेला असतो. नौका फुगत नाही, सांधे सुटत नाहीत आणि शाफ्टची जोड अधिक काळ टिकते. पण पायाचे माप बदलायचे झाले तर तुळई तासून भागत नाही, जुना थर घासून नवे थर चढवावे लागतात आणि त्यासाठी कोरडी हवा लागते, ती कोकणच्या जून-जुलैत मिळत नाही. त्यामुळे फायबरची नौका घेणारा मालक इंजिनाच्या खोलीवरील झाकण पुरेसे मोठे आहे का आणि त्याच मापाचे इंजिन आणखी काही वर्षांनी बाजारात मिळेल का, हे नौका बांधून घेतानाच विचारतो. लाकडी नौकेच्या मालकाला हा प्रश्न पडत नसे, कारण डेक उचकटून पुन्हा बसवणारा आणि पाया हव्या त्या मापाचा करून देणारा सुतार त्याच्या गावातच राहत असे.